गुडघे कुरकुरायला लागल्यावरची परसबाग आणि वानोळा

सगळ्यात आधी घरातली शिडी कोणाला तरी देऊन टाका. मीही दिली, पण मनगट मोडल्यावर. ऑगस्टचा महिना होता, रात्रभर पाऊस झाला होता आणि मांडवावर एक दोडका पानाआड लपून जून व्हायला लागला होता. मी दुसऱ्याच पायरीवर होते. खाली शहाबादी फरशीवर शेवाळ होतं, शिडी सरकली. दोडका हातात आला आणि हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेला.

त्या सहा आठवड्यांत बाग मोडायला हवी होती. मोडली नाही, कारण शेजारची सून रोज सकाळी यायची, पाणी घालायची, तोडा करायची, निम्मी भाजी आमच्या ओट्यावर ठेवायची आणि निम्मी घरी न्यायची. तसं कोणी ठरवलं नव्हतं. "बाई, तुम्ही खुर्चीत बसून नुसतं सांगा, काय करायचं ते," एवढंच ती म्हणाली होती. त्याआधी वीस वर्षं मी गल्लीत वानोळा, म्हणजे घरच्या बागेतली थोडी भाजी शेजाऱ्यापाजाऱ्यांना, वाटत होते आणि मनात कुठेतरी वाटायचं, की आपण लोकांना देतो. खुर्चीत बसल्यावर उलटा हिशेब दिसला. ज्यांना वानोळा गेला होता, त्यांच्यावरच माझी बाग उभी होती.

मी लातूरला राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, आता एकोणसत्तर चालू आहे. जमीन काळी आणि भारी, बोअरचं पाणी जड, नळाचं पाणी येईल त्या दिवशी. थोडक्यात मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात असते तशीच परिस्थिती. पुढे लिहिलंय ते याच मापाचं आहे.

बागेचा आकार अंगाला बेतून घ्या

पन्नाशीत माझे जमिनीवर बारा वाफे होते. आता तीन उंच वाफे, वेलांची एक उभी ताटी, सहा मोठ्या कुंड्या, कढीपत्ता आणि शेवगा एवढंच आहे. हे कमी करताना जीव तुटला, खोटं कशाला सांगू? पण हिशेब करून पाहा. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते. म्हणजे दोन माणसांना आठवड्याला साडेपाच-पावणेसहा किलो. त्यात फळंही आली, आणि कांदा, गाजर, कोबी बाजारातून येतातच. घरच्या बागेने आठवड्याला दोन-अडीच किलो दिली तरी भागतं. त्यावर जे येतं तो वानोळा.

म्हणून सुरुवात एका वाफ्याने करा. तो एक हंगाम न दमता सांभाळला गेला, तरच दुसरा. मुलं दिवाळीला येतात, उत्साहाने दहा कुंड्या आणून देतात आणि चार दिवसांनी पुण्याला परत जातात. कुंड्या आपल्याकडे राहतात. त्यांना गोड बोलून अडवा.

उंच वाफा कसा बांधायचा

वाकणं बंद, हा मुख्य नियम. खाली बसून खुरपणी केली की उठताना पहिल्यांदा गुडघा बोलतो आणि मग कंबर. त्यासाठी वाफाच वर आणायचा.

माझा वाफा ६ फूट लांब, ३ फूट रुंद आणि २ फूट उंच आहे. दोन्ही बाजूंनी फिरता येत असेल तर ३ फूट रुंदी चालते, हात मध्यापर्यंत सहज पोचतो. भिंतीला लागून बांधणार असाल तर २ फुटांच्या वर जाऊ नका, नाहीतर पलीकडचं गवत तुम्हाला वाकुल्या दाखवत राहतं. भिंत ९ इंची घ्या. गवंडी म्हणेल, "बाई, चार इंची पुरते की." पुरते, पण तिच्यावर बसता येत नाही. नऊ इंची कठड्यावर बसून मी निम्मा वाफा खुरपते, मग पलीकडे जाऊन उरलेला. दोन वाफ्यांमध्ये ३ फूट वाट सोडा. आज जागा वाया गेल्यासारखी वाटेल, पण उद्या हातात काठी आली किंवा वॉकर आला, तर त्याच वाटेने जायचं आहे. वाटेवर गुळगुळीत फरशी घालू नका. खडबडीत विटा किंवा बारीक मुरूम घाला. माझं मनगट हे सांगायला पुरेसं आहे.

तळ मोकळा ठेवायचा, सिमेंट करायचं नाही. खालच्या फूटभर थरात तुराट्या, उसाचं पाचट, वाळला पाला, सोयाबीनचं भुसकट दाबून भरायचं. हे सगळं आपल्याकडे मागितलं की मिळतं. त्यावर फूटभर माती. नुसती काळी माती भरली तर पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात दगड आणि वर भेगा. दोन घमेली माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं भुसकट किंवा नारळाचा भुसा, असं मिसळून घ्या. शेणखत ताजं नको. हातात चुरून पाहा, वास मातीसारखा आला पाहिजे. वर्षभरात वाफा चार-सहा इंच खचतो, तेव्हा वरून खत टाकून पुन्हा भरायचा. ही घमेली तुम्ही उचलू नका. त्या एका दिवसाची मजुरी द्या.

गच्चीवर असा वाफा बांधायचा विचार असेल, तर आधी एक आकडा ऐका. ६ बाय ३ फूट वाफ्यातली फूटभर ओली माती जवळपास ८०० किलो भरते. इंजिनिअरला विचारल्याशिवाय हे स्लॅबवर नको. गच्चीसाठी मंडईतली फळांची रिकामी कॅरेट्स बरी. आत जुन्या गोणीचं अस्तर लावायचं, सहा-आठ इंच हलकी माती भरायची, की मेथी-पालक आरामात येतो. कॅरेट विटांच्या ओट्यावर किंवा जुन्या टेबलावर ठेवलं की वाकणंही मिटतं.

हत्यारांचं थोडक्यात. खुरप्याला लोहाराकडून साडेतीन फुटांचा दांडा बसवून घ्या. मूठ बारीक असेल तर तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा, संधिवाताच्या बोटांना जाड मूठ धरायला सोपी जाते. वांगं, भेंडी, दोडका ओढून तोडायचा नाही, कात्रीने कापायचा. हत्यारांना लाल चिंधी बांधून ठेवा. गवतात पडलेला विळा आधी डोळ्यांना दिसला पाहिजे.

पाणी: उचलायचं नाही, सोडायचं

एप्रिल २०१६ मध्ये आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. त्या उन्हाळ्यात माझी सगळी बाग गेली, उरला फक्त कढीपत्ता आणि शेवगा. तेव्हापासून पाण्याच्या बाबतीत मी कंजूष आहे.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. पंधरा लिटरची बादली एका हाताने नेणं साठीनंतर बंद करा. पाच लिटरची झारीही अर्धीच भरा आणि दोन्ही हातांत एकेक घ्या, म्हणजे अंग एका बाजूला कलत नाही. त्याहून चांगली युक्ती ठिबकची आहे. २०० लिटरचा ड्रम विटांच्या तीन फूट उंच, पक्क्या ओट्यावर ठेवा. त्याला तोटी, तोटीला छोटी गाळणी आणि गाळणीला १६ मिलिमीटरची ठिबकची नळी. नळाला पाणी आलं की पाइपाने ड्रम भरायचा आणि सकाळी चहा टाकताना तोटी उघडायची. एवढ्या उंचीवरून दाब कमी पडतो, त्यामुळे थेंब सावकाश पडतात. पडू द्या, काळ्या मातीला तेच मानवतं. माझ्या एका वाफ्याला हिवाळ्यात रोज सात-आठ लिटर लागतं, मे महिन्यात त्याच्या दुप्पट. बोटाचं दुसरं पेर मातीत खुपसून पाहा. ओलं लागलं तर त्या दिवशी तोटी बंद.

ड्रमला झाकण हवंच, नाहीतर डासांची पैदास आपण स्वतःच केल्यासारखं होतं. पाइप वापरून झाला की गुंडाळून खुंटीला लावा. वाटेत पडलेला पाइप आणि शेवाळ, ही आमच्या वयाची खरी कीड.

बोअरच्या जड पाण्याने कुंड्यांच्या कडेला पांढरी खपली धरते आणि पानांची टोकं करपतात. वर्षातून एकदा, चांगला पाऊस सुरू असताना कुंड्या उघड्यावर ठेवून त्यांतून पाणी भरपूर वाहून जाऊ द्या, क्षार निघून जातात. अंघोळीचं पाणी शेवग्याला, कढीपत्त्याला चालतं. कोथिंबिरीला ते कधीच नको. उन्हाळ्यात मातीवर तीन बोटं पाल्याचं आच्छादन आणि वर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट, एवढं केलं की निम्मं पाणी वाचल्यासारखं वाटतं.

काय आणि कधी

मृगाचा पाऊस चांगला पडून वाफसा आला, म्हणजे माती ओली पण चिखल नाही अशी झाली, की भेंडी, गवार, दोडका, कारलं, अंबाडी, तांदुळजा. वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लावायची. मेथी, पालक, शेपू, चुका, कोथिंबीर, मुळा, पावटा, वाटाणा दसऱ्यानंतर. उन्हाळ्यात आपल्याकडे हट्ट करू नये. घोळ, तांदुळजा, चवळी एवढंच ठेवा आणि उरलेल्या वाफ्याला विश्रांती द्या. तुम्हालाही ती लागते.

आमच्या वयाला पालेभाज्या सगळ्यात सोयीच्या. मेथी पंचवीस-तीस दिवसांत हातात येते. पण सगळा वाफा एकदम पेरू नका. दर दहा दिवसांनी दोन ओळी पेरा. एकदम पेरलं की एकदम येतं, मग खाण्यापेक्षा निवडण्याचाच शीण होतो. कोथिंबिरीसाठी धने पोळपाटावर हलक्या हाताने रगडून दोन फाकी करायच्या, रात्रभर भिजवायच्या. उगवायला आठ-दहा दिवस लागतात. त्या दिवसांत "उगवलंच नाही" म्हणून माती उकरून पाहू नका. मी पाहायची.

भेंडी पंचेचाळीस-पन्नास दिवसांत सुरू होते आणि मग एक दिवसाआड तोडावीच लागते. दोन दिवस गावाला गेलात तर निबर. परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८५ साली दिलेली 'परभणी क्रांती' ही भेंडी मी अजून लावते. केवड्याला, म्हणजे पानाच्या शिरा पिवळ्या पडणाऱ्या रोगाला, टिकावी म्हणूनच ती काढली होती. आता ती पूर्वीइतकी दाद देत नाही हे खरं, पण ती सरळ वाण आहे. चार शेंगा झाडावरच वाळू दिल्या की पुढच्या वर्षीचं बी घरचं. संकरित बियाण्याचं तसं होत नाही, पुढची झाडं सारखी निघत नाहीत.

दोडका आणि दुधीचा मांडव डोक्यावरून नको. हाच धडा मला महागात पडला. दोन बांबू, मध्ये जाळी, उंची पाच फूट, अशी उभी ताटी करा. खांद्याच्या वर हात न्यावा लागता कामा नये. फळं छोटी असतानाच पिवळी पडून गळत असतील तर घाबरून खत ओतू नका, बहुतेक वेळा परागीकरण झालेलं नसतं. दोडक्याची पिवळी आणि दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात. दिवेलागणीला ताटीजवळ जा. ज्या फुलाच्या मागे बारीक फळ असतं ती मादी, नुसता देठ असतो तो नर. नराचं फूल खुडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मधला पिवळा दांडा मादीच्या मध्यभागी हलकेच फिरवा. एका नरावर दोन-तीन माद्या होतात. तिसऱ्या दिवशी फळाची मान जाड दिसली की जमलं. या कामाला ताकद लागत नाही. चष्मा तेवढा पुसून जा.

शेवगा वाढू देऊ नका. तीन-चार फुटांवर शेंडा खुडायचा, शेंगांचा बहर संपला की दरवर्षी फांद्या छाटायच्या, म्हणजे शेंगा खालून काढता येतात. शेवग्याचं लाकूड ठिसूळ असतं. त्यावर नातवालाही चढू देऊ नका.

किडीचं फार नाही सांगत. मावा, तुडतुड्यांसाठी ५० ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, किंचित साबण मिसळा आणि संध्याकाळी फवारा. निंबोळ्या जून-जुलैमध्ये झाडाखाली पडलेल्या असतात, गोळा करून सावलीत वाळवून ठेवा. फळमाशीने डंख मारलेला दोडका उकिरड्यावर फेकू नका, खोल पुरा. रासायनिक औषध मारावंच लागलं, तर डबीवर लिहिलेले दिवस पुरे होईपर्यंत भाजी स्वतः खायची नाही आणि कोणाला द्यायची तर नाहीच.

स्वतःला सांभाळायचं

उन्हाळ्यात नऊच्या आत आणि साडेपाचनंतर. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, त्यात ऊन लागलं की चक्कर येते. एका वेळी अर्धा तास, मोबाइलवर गजर लावून. बागेत वेळेचं भान राहत नाही हे ऐकायला छान आहे, पण कंबरेला ते कळत नाही. मधुमेह असेल तर अनवाणी जाऊच नका, पायात काटा रुतलेला कळत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन दर दहा वर्षांनी घ्यायचं असतं, शेवटचं कधी घेतलं ते आठवून पाहा. पावसाळ्यात विटांच्या ढिगात, पाल्यात हात घालण्याआधी काठीने हलवा. विंचवाला आपलं वय माहीत नसतं.

वानोळा

आता मुख्य गोष्ट. वानोळा म्हणजे उरलंसुरलं देणं नाही. जुनी माणसं पहिला तोडा देवापुढे ठेवायची आणि मग शेजारी द्यायची. एका पावसाळ्यात माझ्या वेलाला एकदम नऊ दुधी लागले. मी ते जून होईपर्यंत घरात ठेवले आणि मग वाटत सुटले. लोकांनी घेतले, पण चेहरे सांगत होते. एकीने तर मागच्या दाराने ते म्हशीला घातले. मला म्हशीकडूनच कळलं म्हणा ना.

तेव्हापासून माझा शिरस्ता असा. भाजी कोवळी असतानाच द्यायची आणि थोडी द्यायची, एका वेळच्या कालवणापुरती. चार माणसांच्या घराला पाव किलो भेंडी किंवा एक पेंडी मेथी. मेथी निवडून, माती झटकून द्या. कामावर जाणाऱ्या सुनेला न निवडलेली मेथी म्हणजे रात्री दहानंतरचं काम. प्लास्टिकची पिशवी नको, ओल्या फडक्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळा. शक्यतो सकाळी आठच्या आत द्या, त्यानंतर घरोघरी भाजी ठरलेली असते.

कोणाला काय चालत नाही, हे माहीत असू द्या. मुतखड्याचा त्रास असलेल्या घरी चुका आणि पालक नेऊ नये. मूत्रपिंडाच्या रुग्णाला भाज्याही मोजून खाव्या लागतात. आमच्या यांना रक्त पातळ ठेवायची जुन्या प्रकारची गोळी आहे, वॉरफेरिनसारखी. पालेभाजी एकदम वाढवली तर तिचा परिणाम कमी होतो. म्हणून हिवाळ्यात वाफा भरला तरी आमच्या ताटातलं प्रमाण तेवढंच राहतं, डॉक्टरांनी ठरवून दिलेलं. वाढीव सगळं बाहेर जातं. जवळच्या शाळेत पोषण आहार शिजतो, तिथल्या ताई कढीपत्ता आणि शेवग्याच्या शेंगा आनंदाने घेतात. आधी मुख्याध्यापकांना विचारून घ्या, एवढंच.

कढीपत्त्याबद्दल एक तक्रार नोंदवते. फाटकाबाहेरून हात घालून अख्खी फांदी ओरबाडणारे लोक असतात. मी फाटकाला एक कात्री दोरीने बांधून ठेवली आहे. आता कापून तरी नेतात.

आणि बटई. शेती बटईने देतात, तशी बाग का देऊ नये? माझे तीनपैकी दोन वाफे आता शेजारच्या सुनेकडे बटईने आहेत. खणणं, खत उचलणं, ड्रम भरणं तिचं. बी, पाणी, जागा आणि बसल्या बसल्या सूचना माझ्या. माल निम्मा-निम्मा. हे तोंडाने स्पष्ट बोलून घ्या: काय लावायचं हे कोण ठरवणार, गावाला गेल्यावर तोडा कोणाचा, बियाण्याचे पैसे कोणाचे. मनात ठेवलं की दोन महिन्यांत कुरबुर सुरू होते. सूचना मोजक्याच द्या, हेही मी शिकतेय. मध्यंतरी तिने वांग्याची रोपं दीड फुटावर लावली, मला दोन फुटांवर हवी होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाली, "बाई, वाफा बटईचा आहे नव्हं?" गप्प बसले. वांगी चांगली आली, हे इथे मान्य करते.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, आमच्याकडे सगळं गाव शेतात जेवायला जातं. मला आता ढेकळांतून चालवत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी माझ्या वाफ्यातली मेथी, कांद्याची पात, पावट्याच्या शेंगा तिच्या भज्जीसाठी, म्हणजे डाळीच्या पिठातल्या मिसळ भाजीसाठी, पाठवते. सगळं निवडून, दोन फडक्यांत, शेंगा वेगळ्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला डबा येतो. त्यात भज्जी, उंडे म्हणजे पिठाचे वाफवलेले गोळे, आणि वर गच्च झाकणाच्या किटलीत आंबील. आंबील तेवढी त्याच दिवशी संपवावी, दुसऱ्या दिवशी फार आंबट होते.